नळ्या शेडच्या मागे, पाणी पाटाने

पत्र

आमची चांदवड तालुक्यात अडीच एकर शेती. विहीर दिरांची आणि आमची आठ-आठ आणे, मोटार पाच एचपीची, पाळी एक दिवसाआड. चार वर्षांपूर्वी अनुदानातून एका एकरात टोमॅटोसाठी ठिबक केलं. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी शेवटच्या ओळींना पाणी पोचेना. आमचे हे अर्ध्या-अर्ध्या एकराचे दोन्ही कॉक एकदम सोडायचे, म्हणजे काम लवकर आटपतं. पाळीच्या दिवशी लाईट जाईपर्यंत ठिबक चालूच असायचं. त्याच नळ्या पुढे कांद्यात पसरल्या, तर निम्मा कांदा पिवळा पडला. तेव्हापासून सगळी गुंडाळी शेडच्या मागे पडून आहे आणि पाणी पुन्हा पाटाने. सासरे म्हणतात, जमीन भिजलेली दिसत नाही ते पाणी कसलं? हे म्हणतात, ठिबक मोठ्या बागायतदारांचं काम आहे. दुकानदार म्हणतो नवा संच घ्या, अनुदानाचं मी बघतो. दीर म्हणतात, तुमचं पाणी वाचलं तर ते माझ्या वाट्याला आलं पाहिजे. यंदा उन्हाळ कांदा पोसायच्या वेळी विहिरीने तळ दाखवला. घरात या विषयावर बोललं की भांडण होतं. ठिबक पुन्हा करावं का? (नाव छापू नये.)

उत्तर

ताई, ठिबक पुन्हा करा. पण नवा संच घेऊ नका, निदान यंदा तरी नाही. तुमच्या पत्रात दुखणं कुठे आहे ते तुम्हीच लिहून टाकलंय: दोन्ही कॉक एकदम, आणि लाईट जाईपर्यंत चालू. तिथे संचाचा दोष फार थोडा आहे.

थोडा हिशोब करू. टोमॅटोच्या ओळी पाच फुटांवर धरल्या, तर एकराला साधारण २,६५० मीटर नळी लागते. ड्रिपर, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्या, ४० सेंटिमीटरवर असतील तर साडेसहा हजारांवर ड्रिपर झाले. प्रत्येक ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर सगळे मिळून तासाला २६ हजार लिटर मागतात. तुमची पाच एचपीची मोटार तेवढं देते का? विहीर खोल असेल आणि वर गाळणीचा नि नळ्यांचा दाब धरला, तर २० हजाराच्या आसपास देत असेल. हेही माझ्या शब्दावर घेऊ नका. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ३६ सेकंदांत भरला तर तासाला २० हजार लिटर. ५० सेकंद लागले तर १४ हजारच. (ड्रमवर पाणी उघडं पडतं, ठिबकला दाब द्यावा लागतो. त्यामुळे ठिबकवर प्रत्यक्षात याहून थोडं कमीच मिळेल.)

मागणी २६ ची आणि मोटार देते २०, मग दाब पडणारच. दाब पडला की मोटारीजवळच्या ओळी पोटभर पितात आणि शेवटच्या ओळी उपाशी राहतात. दोन कॉक त्यासाठीच दिलेले असतात. एका वेळी अर्धा एकर सोडलं की १३ हजाराची मागणी होते, ती तुमची मोटार आरामात भागवते. शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब राहतो. वेळ वाचवायला दोन्ही कॉक सोडणं हा या सगळ्या भागातला रिवाज आहे, तुमच्या मालकांना एकट्यांना काय बोलायचं?

आता किती वेळ चालवायचं ते बघा. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. पावसाळा सरल्यावर, ऐन बहरातला टोमॅटो दिवसाला ४ ते ५ मिलिमीटरच्या आसपास पाणी खर्च करतो. म्हणजे एकराला १६ ते २० हजार लिटर. पाळी एक दिवसाआड आहे, म्हणून दोन दिवसांचं धरून जास्तीत जास्त ४० हजार. एकेका कॉकवर दीड-दीड तास, दोन्ही मिळून तीन तासांत काम झालं. तुमच्याकडे मोटार लाईट असेपर्यंत, म्हणजे आठ तास चालत होती. तासाला २० हजाराने ते दीड लाख लिटरच्या वर गेलं. गरजेच्या चौपट! मग फरक तो काय राहिला? पाटाचं पाणीच तुम्ही नळीतून देत होता. वर खतं मुळांच्या खाली वाहून गेली ती वेगळीच.

या चुकीला एक कारण आहे आणि ते माणसाच्या आळसात नाही. आठ तासांची लाईट, तीही कधी दिवसा कधी रात्री. ऑटोस्विच लावलेला, लाईट आली की मोटार आपोआप चालू. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून सरकार भरतंय, म्हणजे जास्त उपसलं तरी खिशाला झळ नाही. आणि पाळी तासांवर आहे, लिटरवर नाही. मग लाईट असताना कोण मोटार बंद करायला जाईल? म्हणून ऑटोस्विच राहू द्या, पण त्याच्या जोडीला टायमर बसवा. फार महाग वस्तू नाही. स्टार्टर दुरुस्त करणारा वायरमन बसवून देतो. रात्रीच्या लाईटीला अंधारात, बिबट्याच्या भीतीत कॉक बदलायला जायचं तेवढं मात्र उरतं. शक्य असेल त्या आठवड्यात ठिबकची पाळी दिवसाच्या लाईटीवर ठेवा.

नळ्यांचं आता. दोन वर्षं उन्हात पडलेल्या नळ्या सगळ्याच गेल्या असं मानू नका, आणि सगळ्याच चांगल्या आहेत असंही मानू नका. दोन-चार गुंडाळ्या उलगडून मोटारीला जोडा. एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाची टोपणं, काढून आधी पाणी मोकळं वाहू द्या. पहिलं पाणी चहासारखं येईल, ते स्वच्छ होईपर्यंत थांबा. मग टोपणं लावा आणि ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेका ड्रिपरखाली वाटी किंवा कापलेली बाटली ठेवा. ४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत बरोबर एक लिटर देतो. ९०० मिलिलिटरच्या वर आलं तर नळी ठीक. सुरुवातीला लिटर आणि शेवटी पाऊण लिटरच्या खाली, असं झालं तर नळी कुठेतरी कोंडली आहे.

कशाने कोंडली ते बघायला एक ड्रिपर ब्लेडने उभा कापा. आत पांढरा, दाताला लागेल असा थर दिसला तर तो क्षार. त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे आले तर चुनाच. हात लावल्यावर बुळबुळीत, हिरवट किंवा तपकिरी लागलं तर शेवाळ-जिवाणू. नुसती माती असेल तर गाळणीकडे चला. चांदवडकडच्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणून मला क्षाराचा संशय जास्त आहे.

क्षाराला आम्ल प्रक्रिया करतात. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. बादलीभर पाण्यात थोडं थोडं आम्ल टाकत पीएच (आंबटपणा) दाखवणाऱ्या पट्टीने बघायचं, ४ च्या आसपास आलं की किती लागलं ते लिहून ठेवायचं, आणि त्या प्रमाणात व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत सोडायच्या जोडणीतून) सोडायचं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यावरही पट्टी तोच आकडा दाखवायला लागली की मोटार बंद. चोवीस तास तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी एंड कॅप उघडून सगळं धुऊन काढायचं. शेतात पीक नसताना करा. पाण्यात आम्ल टाकायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. शेवाळाला ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया वेगळी असते, ती वेगळ्या दिवशी करा. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी वायू सुटतो. हे काम मुलांना सांगू नका.

पुढे हे वर्षातून एकदा करावं लागेल. गाळणी मात्र दर पाळीला बघायची. गाळणीच्या आधी आणि नंतर असे दोन दाबमापक असतील तर दोघांतला फरक वाढला की गाळणी भरली समजायचं. अनुदानाच्या घाईत बसवलेल्या संचांमध्ये हे दाबमापक कधी कधी बसवलेलेच नसतात. तुमच्याकडे नसतील तर आधी तेवढे आणा.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे. टोमॅटोच्या नळ्या पाच फुटांवर, आणि कांदा साऱ्यात (सपाट वाफ्यात) चिकटून लावलेला. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच. ड्रिपरने भिजवलेला पट्टा मध्यम जमिनीत दीड-दोन फूट रुंद असतो. दोन नळ्यांच्या मधल्या कांद्याला पाणी मिळालंच नाही, म्हणून निम्मा पिवळा. कांद्याला ठिबक चालतं, उत्तम चालतं, पण सपाट साऱ्यात नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस रुंद गादीवाफ्याची आहे. माथ्यावर १२० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच, बाजूला ४५ सेंटिमीटरची सरी, आणि एका गादीवर ६० सेंटिमीटर अंतराने दोन नळ्या. असं धरलं तर एकराला ४,९०० मीटरच्या आसपास नळी लागते. म्हणजे तुमच्या एका एकराच्या टोमॅटोच्या नळ्यांत कांदा अर्धा एकरच बसतो. तोही दोन कॉकांवर, नाहीतर पुन्हा दाब पडेल.

यात एक व्यवहाराची अडचण आहे, ती पुस्तकात नसते. लागवडीच्या टोळ्या उक्त्यावर येतात, त्यांचा हात साऱ्यावर बसलेला असतो. गादीवर नळी चुकवत लावायचं म्हटलं की कुरकुर होते, कधी दरही वाढवून मागतात. म्हणून लागवडीच्या आधी बोलून ठेवा. आणि पहिलं पाणी नि आंबवणी (त्यानंतरचं दुसरं पाणी) पाटानेच दिलीत तरी बिघडत नाही, रोप जमिनीत बसू द्या आणि मग ठिबकवर घ्या. सासऱ्यांचा मानही राहील.

सासऱ्यांना मी सरळ चुकीचं म्हणणार नाही. त्यांनी ज्या जमिनीत आयुष्य काढलं तिथे पाणी डोळ्यांनीच मोजलं जायचं, आणि ठिबकच्या पहिल्या अनुभवात त्यांना पिवळा कांदा दिसला. त्यांच्याशी वाद घालून काही होणार नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच फावडं घेऊन शेतात न्या आणि ड्रिपरच्या बाजूला फूट-दीड फूट खड्डा घ्यायला सांगा. वर सुकलेली दिसणारी जमीन आत कांद्याच्या आकारात ओली निघते. मूठभर माती दाबून बघू द्या. लाडू वळला तर ओल पुरेशी आहे, मुठीतून पाणी सुटलं तर जास्त झालं, भुगा झाला तर कमी. तुमची जमीन मुरमाड असेल तर ओल उभी खाली जाते, पसरत नाही. तिथे ड्रिपर जवळ पाहिजेत आणि पाणी थोडं-थोडं, वारंवार. किती वेळ मोटार चालवायची ते सासऱ्यांना त्या खड्ड्यावरून ठरवू द्या. त्यांच्या हाताला मातीची जी पारख आहे ती माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या शेताला जास्त उपयोगी पडेल.

दिरांचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि तुम्ही ते पत्रात एका ओळीत संपवलंत.

ठिबकने पाणी वाचतं, हे अर्धं खरं. पाटाने दिलेलं जादा पाणी सगळंच वाया जात नव्हतं. त्यातलं काही मुरून पुन्हा विहिरीच्या झऱ्यांना मिळत होतं, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या. आणि जे वाचतं त्याचं आपण काय करतो? नाशिक जिल्ह्यात उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. एका एकराचं पाणी दोन एकरांना पुरलं की आणखी एक एकर लावतो. टोमॅटो होता तिथे द्राक्ष येतं, मोकळ्या रानात उन्हाळ कांदा. यंदा कांदा पोसायच्या वेळी विहिरीने तळ दाखवला, असं तुम्ही लिहिलंत. मग मी विचारतो: गेल्या चार वर्षांत तुमचा आणि दिरांचा मिळून उन्हाळ कांदा किती वाढला? तो आकडा वाढला असेल तर ठिबक असो की पाट, विहीर तळालाच जाणार. मोटारीचे तास वाचतील, खत वाचेल, रात्रभर पाणी भरत बसावं लागणार नाही, मजुरी वाचेल. पण विहिरीत पाणी उरेलच असं नाही. ते ठरतं दोघांनी मिळून उन्हाळी पीक किती लावलं यावर.

म्हणून दिरांना "तुमचा वाटा वाढणार नाही" असंही म्हणू नका, आणि "घ्या वाचलेलं" असंही नाही. वाचलेलं पाणी त्यांनी नव्या एकराला घातलं तर मार्चमध्ये दोघांचाही कांदा वाळेल. दिवाळीनंतर, उन्हाळ कांद्याचं रोप टाकायच्या आधी दोन्ही घरांनी बसा. विहिरीतलं पाणी दोरीने मोजा. मोटार तासभर चालवून पाणी किती फूट उतरतं आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते बघा. मग दोन्ही घरांचा मिळून उन्हाळ कांदा किती, ते एकरात ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा पोसतो तेव्हा पाणी कमी पडलं तर आधीचं सगळं पाणी फुकट जातं. शेवटच्या तीन-चार पाळ्यांचं पाणी आधी बाजूला ठेवून मग क्षेत्र मोजायचं. ठरलं की वहीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या. सख्खे भाऊ आहेत, लिहायचं काय, असं कुणीतरी म्हणेलच. सख्ख्यांमध्येच लिहावं लागतं.

ही पद्धत मी काही नव्याने काढलेली नाही. तुमच्याच जिल्ह्यात, बागलाण-मालेगावकडे मोसम-आरमच्या काठी बंधाऱ्याच्या पाण्यावरची फड पद्धत (फड म्हणजे जमिनीचा मोठा पट्टा) शतकानुशतकं चालत आली. कुठल्या फडात यंदा कुठलं पीक, हे गाव ठरवायचं, आणि पाटकरी पाणी सोडायचा. अलीकडचं बघायचं तर दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर १९९० च्या दशकापासून पाणीवापर संस्थांनी पाण्याचं व्यवस्थापन हातात घेतलं. तिथे पाणी पिकाच्या एकरावर न देता मोजून दिलं जातं, आणि वाट्याला आलेल्या पाण्यात काय पिकवायचं ते शेतकरी ठरवतो. पाणी मोजून मिळायला लागलं की ठिबक लोकांना आपोआप परवडतं, कारण वाचवलेलं आपलं राहतं. कालव्यावर जे जमलं ते दोन घरांच्या विहिरीवर का जमू नये? दहा लोकांची संस्था करायची नाही, दोन भावांची वही करायची आहे.

हे छोट्या शेतकऱ्याचं काम नाही, असं तुमचे मालक म्हणतात त्याला माझं उत्तर असं: पाणी भरायला गडी परवडत नाही आणि खताची गोणी उधारीवर येते, त्यालाच याची गरज जास्त. पण छोट्याला संच बिघडू देणं परवडत नाही, हेही तितकंच खरं. मोठा बागायतदार नळ्या फेकून नव्या आणतो. तुम्हाला गाळणी धुवावी लागेल.

शेवटचं दुकानदाराचं. 'प्रति थेंब अधिक पीक' या योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प-अत्यल्प भूधारकाला राज्याची भर धरून ८० टक्के अनुदान आहे, हे बरोबर. पण ते शासनाने ठरवलेल्या मापदंडाच्या किमतीवर मिळतं, दुकानाच्या बिलावर नाही. बिल जास्त असेल तर वरची रक्कम तुमची. दुसरं, ज्या क्षेत्रावर एकदा लाभ घेतला त्यावर सात वर्षं पुन्हा मिळत नाही. तुमच्या त्या एकराला अजून तीन वर्षं आहेत. "मी बघतो" म्हणजे बहुधा दुसऱ्या गट नंबरवर कागद करून संच तिथेच टाकणे, किंवा दुसऱ्याच्या नावाने अर्ज. मोका तपासणीत हे उघडं पडलं तर वसुली तुमच्याकडून होऊ शकते.

उरलेल्या दीड एकरासाठी अर्ज करायचा असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करा, किंवा मुलाकडून करून घ्या. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असू द्या. सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं पाहिजे. जमीन किंवा विहीर सामाईक असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागेल. म्हणजे दिरांची सही लागणारच, म्हणून वरची वही आधी. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही बघून घ्या, नसेल तर तलाठ्याकडे जा. पूर्वसंमती आल्याशिवाय एक पाइपसुद्धा विकत घेऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही देऊ नका. पैसे बहुधा आधी तुम्हालाच भरावे लागतील आणि अनुदान मागाहून येईल. तो मधला काळ किती लांबेल याचा भरवसा नसतो. तेवढ्यासाठी व्याजाने पैसे काढायची वेळ येणार असेल तर यंदा अर्ज करूच नका. जुन्या नळ्यांवर अर्धा एकर टोमॅटो काढा, टायमर आणि दाबमापक बसवा, आणि पुढच्या हंगामात बघा.